साइट ते प्रोजेक्ट मॅनेजर: सिव्हिलवाल्यांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत सिव्हिलवाले खूप आहेत आणि बहुतेक सगळे नाशिकचे. साहजिक आहे, गंगापूर रोडला टॉवर चढतायत, सिन्नरकडे इंडस्ट्रियल शेड उभे राहतायत, त्यात कुंभाची कामं, जिकडे बघावं तिकडे बॅरिकेड. म्हणून हा अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचं नाव छापलेलं नाही.

बीई सिव्हिल, शेवटचं वर्ष, पाथर्डी फाटा: ताई, मला कन्स्ट्रक्शन प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्येच करिअर करायचंय. मित्र म्हणतात आधी पीएमपी कर नाहीतर निकमारला जा, म्हणजे साइटवर राबावं लागणार नाही, डायरेक्ट मॅनेजर होशील. पण फीसाठी लोन काढावं लागेल. काय करू?

पीएमपीचं, म्हणजे पीएमआय या संस्थेच्या प्रोजेक्ट मॅनेजर सर्टिफिकेटचं, आधी सांगते कारण तो विषय लगेच संपतो. ती परीक्षा फ्रेशरसाठी नाहीच. पदवी असली तरी ३६ महिने प्रोजेक्ट लीड केल्याचा अनुभव लागतो, वर ३५ तासांचं ट्रेनिंग, आणि कुठल्या कामावर नेमकं काय केलं ते फॉर्ममध्ये लिहून द्यावं लागतं. त्यामुळे बीई झाल्या झाल्या पीएमपी करून देतो असं कुठला क्लासवाला म्हणत असेल तर तिथे एक रुपया भरू नकोस. त्याच संस्थेची कॅपम म्हणून खालची परीक्षा आहे, ती अनुभव नसताना देता येते, पण नाशिकमधला बिल्डर किंवा ठेकेदार ती बघून नोकरी देईल असं मला वाटत नाही.

निकमार ही चांगली संस्था आहे, १९८३ पासूनची, पुण्याला बालेवाडीत, आता युनिव्हर्सिटी झालीये. कॉन्ट्रॅक्ट, प्लॅनिंग, कॉस्टिंग व्यवस्थित शिकवतात, मोठ्या कंपन्या कॅम्पसला येतात, आणि देशभरातली पोरं ओळखीची होतात ते वेगळंच. जायचंच असेल तर जा, पण माझं मत विचारशील तर आधी दोन वर्षं साइट कर आणि मग जा. वर्गात क्लेम (ठेकेदाराची जादा पैशाची किंवा मुदतीची मागणी) म्हणजे काय ते शिकवायला लागले की ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी एक तरी बिल अडकलेलं बघितलंय त्याला ते पहिल्या झटक्यात कळतं, बाकीचे व्याख्या पाठ करतात. शिवाय दोन वर्षांत थोडे पैसे साठतात, लोन कमी काढावं लागतं, घरच्यांवर ताण येत नाही.

आता 'साइटवर राबावं लागणार नाही' हे जे मित्र म्हणतात ना, ते डोक्यातून काढ. एक साधं उदाहरण देते. बेसमेंटचं खोदकाम आहे समज. आपल्याकडची जमीन कशी, वर काळी माती, खाली मुरूम, मग खडक, आणि तो खडक एका कोपऱ्यात चार फुटांवर लागतो तर दुसऱ्या कोपऱ्यात बारा फुटांवर. करारात तिन्हीचे रेट वेगळे असतात, खडकाचा सगळ्यात जास्त. आता मुरूम संपून खडक लागला त्या दिवशी ठेकेदाराचा माणूस आणि क्लायंटचा माणूस दोघांनी मिळून ग्रिड पाडून, म्हणजे जमिनीवर चौकटी आखून, प्रत्येक ठिकाणची उंची म्हणजे लेव्हल घेतल्या, शीटवर दोघांच्या सह्या झाल्या, लेव्हलची मोजपट्टी (स्टाफ) उभी धरून फोटो काढले, तर बिलाला वाद नाही. नाही घेतल्या तर? ब्रेकरने खडक फुटला, डंपरमधून गेला, आता नुसता खड्डा राहिलाय, माती कुठे संपली आणि खडक कुठे लागला ते कोण सांगणार? सहा महिन्यांनी मीटिंगमध्ये दोन्हीकडचे मोठे साहेब आवाज चढवून बोलतात आणि लाखोंच्या त्या वादाचा निकाल शेवटी कशावर लागतो, तर एका ज्युनियर इंजिनिअरने त्या दिवशी लेव्हल घेतल्या होत्या की नाही यावर. हे ज्याला समजलं तो पुढे मॅनेजर होतो, कारण कुठली गोष्ट झाकली जाण्याआधी मोजून लिहून ठेवायची हे त्याला कळतं. स्टीलचंही तेच, काँक्रीट पडायच्या आधी मोजलं तर मोजलं. पाइपलाइन बुजवायच्या आधी, वॉटरप्रूफिंगवर कोबा पडायच्या आधी, सगळीकडे तेच.

म्हणून पहिल्या नोकरीत पगाराच्या आधी हे विचार की मला मेजरमेंट घ्यायला मिळतील का, बिलात हात घालायला मिळेल का. जिथे हो म्हणतील तिथे दोन हजार कमी मिळाले तरी जा.

डिप्लोमा झालेला सुपरवायझर, मुसळगाव: ताई, सहा वर्षं साइटवर आहे. सेंट्रिंग, फिटर, गवंडी सगळी लेबर मीच हाताळतो, पण नवीन बीईवाला येतो आणि माझा साहेब होतो. मी कधी मॅनेजर होऊ शकेन का, की सुपरवायझर म्हणूनच रिटायर होणार?

होऊ शकतोस, आणि तुझं पत्र मी दोनदा वाचलं कारण असे बरेच जण मी बघितलेत, कामात पक्के, पण कागदावर कुठेच नाहीत. तुझ्याकडे काय कमी आहे ते स्पष्ट सांगते, राग मानू नकोस. आज काय चाललंय ते तुला सगळ्यांपेक्षा जास्त माहितीये. पण पंधरा दिवसांनी काय लागणार आहे ते तू कधी लिहून साहेबासमोर ठेवलंयस का? तेवढंच अंतर आहे तुझ्यात आणि त्याच्यात.

तुझ्याच साइटवरचा स्लॅब घेऊ. चार हजार फुटांचा, पाच इंची. नुसत्या स्लॅबचं काँक्रीट साधारण ४६ घनमीटर, बीम धरले की समज ६५. आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी सहा घनमीटरची धरली तर अकरा गाड्या. स्टील बीबीएस (सळयांच्या मापांचा तक्ता) काढून नक्की कळेल पण अंदाजे साडेसहा टन. क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, किती? काँक्रीटच्या आयएस ४५६ कोडप्रमाणे ६५ घनमीटरला पाच सॅम्पल, एका सॅम्पलचे तीन, म्हणजे पंधरा क्यूब २८ दिवसांचे, आणि सात दिवसांना फोडायचे ते वेगळे, तर साइटवर तेवढे मोल्ड आहेत का?

आता स्लॅब शनिवारी पडायचाय असं धर आणि मागे मागे ये. शुक्रवारी दुपारी कन्सल्टंटचं स्टील चेकिंग, तो काही सुचवणार, ते दुरुस्त करायला संध्याकाळ ठेवायला हवी. त्याच्या आधी इलेक्ट्रिकवाल्याचे पाइप, ते खालची जाळी झाल्यावर आणि वरच्या स्टीलच्या आधी, म्हणजे त्याला नेमका अर्धा-एक दिवसच मिळतो आणि तो त्याच दिवशी दुसऱ्या साइटवर असतो, तर त्याला सोमवारीच फोन गेला पाहिजे. टॉयलेटचे स्लीव्ह, तेही त्यातच. त्याच्या आधी बीमचं स्टील, त्याच्या आधी सेंट्रिंग, आणि सेंट्रिंगच्या प्लेटा कुठून येणार? खालच्या स्लॅबमधून. तो कधी सुटणार? साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्यापुढे चौदा, बीम सहा मीटरपर्यंत असेल तर चौदा आणि त्याहून लांब असेल तर एकवीस, आणि हे आकडे ओपीसी (साधं पोर्टलँड) सिमेंट आणि नीट क्युरिंग धरून आहेत, पीपीसी (राख मिसळलेलं) वापरत असाल तर कन्सल्टंटला विचारून अजून वाढवायचे. म्हणजे माल एकच सेट असेल तर दर दहा दिवसांनी स्लॅब टाकू असं जे साहेबांनी क्लायंटला सांगितलंय ते होणारच नाही, आणि हे तुला आज माहितीये, साहेबाला ते वीस दिवसांनी कळणार आहे.

हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. ते वहीत लिही, तारखेसकट, कुणी काय करायचं त्याच्या नावासकट, आणि दर सोमवारी सकाळी साहेबाच्या टेबलावर ठेव. यालाच कंपन्यांमध्ये लुकअहेड म्हणतात. त्यात लेबरचंही लिही, बिहार-यूपीची गँग असेल तर छठला आणि होळीला गावी जाणार हे दरवर्षीचं आहे, तरी दरवर्षी दिवाळीनंतर साइट थंड पडली की सगळे दचकतात. तू ऑगस्टमध्येच लिहून दे की दिवाळी ते छठच्या पुढचे पंधरा दिवस इतकीच माणसं राहणार.

दुसरं, एक्सेल शिकून घे आणि आयएस १२०० वाच, मोजमाप कसं घ्यायचं, कुठलं ओपनिंग वजा करायचं कुठलं नाही हे त्यात आहे. प्लास्टरच्या बिलात ठेकेदार आणि इंजिनिअर खिडक्यांच्या वजावटीवरून वाद घालत असतात तेव्हा ज्याला कोड माहितीये त्याचं सगळे ऐकतात, मग तो डिप्लोमा असो की एमटेक. आणि डिग्रीचं विचारशील तर हो, डिग्री कर, कारण मोठ्या कंपन्या आणि सरकारी टेंडरमध्ये कुठल्या पदाला काय शिक्षण हवं ते लिहिलेलंच असतं, तिथे अनुभव कितीही असला तरी नाव लागत नाही. नोकरी करणाऱ्या डिप्लोमावाल्यांना सोयीच्या वेळेत डिग्री करता यावी अशी सोय एआयसीटीईने काही कॉलेजांना दिलेली आहे, प्रवेशाच्या वेळी नाशिकमध्ये कुणाकडे आहे ते बघून घे.

सिडको, सेकंड इयर: एमएसपी शिकू की प्रिमावेरा?

दोन्ही कामाचं वेळापत्रक आखायची सॉफ्टवेअर. एमएसपी, म्हणजे मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट, आधी, कारण नाशिकमधल्या बिल्डिंगच्या कामांना ते पुरतं. प्रिमावेरा हायवे, मेट्रो, रिफायनरी असल्या कामांना, तिकडे जायचं ठरलं की शिक. पण त्याही आधी वहीवर दहा-बारा ॲक्टिव्हिटींचं नेटवर्क हाताने काढ, कुठली आधी कुठली नंतर, फ्लोट किती, म्हणजे कुठलं काम किती दिवस लांबलं तरी चालेल, क्रिटिकल पाथ कुठला, म्हणजे कुठली कामं लांबली की अख्खं प्रोजेक्ट लांबतं. ही पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूपाँट कंपनीत तयार झाली आणि सॉफ्टवेअर आजही आत तेच गणित करतं. हाताने येत नसेल तर स्क्रीनवर लाल पट्ट्या दिसतात, त्या लाल का झाल्या ते सांगता येत नाही. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची कन्स्ट्रक्शन प्लॅनिंगची लेक्चर फुकट आहेत, पैसे फक्त सर्टिफिकेटच्या परीक्षेला.

बीई झालेली मुलगी, नाशिक रोड: ताई, दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झाले. दोघांनीही सांगितलं मुलींना साइट देत नाही, ऑफिसला बिलिंगला बस. घरचे खूश आहेत, म्हणतात एसीत बसायला मिळतंय. मला साइट हवी होती. बिलिंगला गेले तर प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचा रस्ता बंद होईल का?

बंद होत नाही, पण अरुंद होतो, आणि तो तू आत्ताच रुंद करून घेतला पाहिजेस.

बिलिंगला कमी समजू नकोस. पैसा कुठून येतो कुठे अडतो हे तिथे कळतं, आणि साइटवर दहा वर्षं काढलेल्या कितीतरी जणांना आरए बिल (चालू कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) कसं बनतं, रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) कधी सुटतं, एक्स्ट्रा आयटमचा (करारात नसलेल्या कामाचा) रेट कसा ठरतो ते येत नाही. रेरा हा घरबांधणी प्रकल्पांचा कायदा आल्यापासून तर याचं वजन आणखी वाढलंय. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून हा कायदा सुरू झाला, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढायचे तर काम किती झालं याचं आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए तिघांचं सर्टिफिकेट लागतं. त्या सर्टिफिकेटमागचे आकडे कोण काढतं? तुझ्यासारखी बिलिंगला बसलेली पोरगीच काढते. तो आकडा चुकीचा गेला तर एखाद्या कुटुंबाने घरासाठी भरलेले पैसे भलतीकडे जातात, म्हणून मी याला ऑफिसचं काम म्हणत नाही, जबाबदारीचं काम म्हणते.

पण साइट न बघता बिलिंग केलंस तर तू दुसऱ्याने पाठवलेल्या आकड्यांची बेरीज करत राहशील. म्हणून जॉइन होताना एक गोष्ट मागून घे, आठवड्यातले दोन दिवस साइटवर जाऊन मेजरमेंट मी स्वतः घेणार. बहुतेक जण याला नाही म्हणत नाहीत, कारण त्यांचाच फायदा आहे. एखादं वर्ष असं गेलं की फिनिशिंगचा एक फ्लोअर किंवा एक विंग पूर्ण माझ्याकडे द्या म्हणून माग. फिनिशिंगला टाइल, प्लंबिंग, सुतार, रंग, खिडक्या असे आठ-दहा ठेकेदार एकमेकांच्या पायात येत असतात, टाइलवाला म्हणतो प्लंबरने टेस्टिंग दिलं नाही, रंगवाला म्हणतो सुताराने चौकट घासली, तिथे कोऑर्डिनेशन जमलं की मॅनेजरचं निम्मं काम आलं.

आणि इंटरव्ह्यूला हे बिनधास्त विचार की साइटवर बायकांसाठी वेगळं टॉयलेट आहे का, कंपनीत तक्रार समिती आहे का. टॉयलेटची सोय १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होती आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या कामगार संहितेतही आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तू काही जगावेगळं मागत नाहीयेस. साइटवर वीटवाहू बायका दिवसभर असतातच, 'मुली साइटवर नकोत' म्हणणाऱ्यांना त्या दिसत नाहीत. तू टॉयलेट मागितलंस की ते त्यांनाही मिळतं, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घरच्यांना एकदा साइटवर घेऊन जा, दिवसा, काम चालू असताना. लांबून जी भीती वाटते ती जवळून बघितल्यावर बरीच कमी होते.

एक आई, इंदिरानगर: मुलगा साइट इंजिनिअर आहे, रोज रात्री नऊ-दहाला येतो, रविवारीही फोन चालू. या लाइनमध्ये आयुष्यभर असंच असतं का?

काकू, स्लॅबच्या दिवशी उशीर होणार, काँक्रीट एकदा सुरू झालं की अर्ध्यात सोडता येत नाही, ते धरूनच चाला. पण रोज नऊ वाजत असतील तर दोनपैकी एक आहे, एकतर दोन माणसांचं काम एकाला दिलंय नाहीतर वरून प्लॅनिंगच होत नाहीये आणि रोज संध्याकाळी उद्याची धावपळ चाललीये. त्याला आठवड्याची सुट्टी लेखी मागायला सांगा, बदलीचा माणूस कोण ते ठरवून द्यायला सांगा. वर्षभरात काही फरक पडला नाही तर कंपनी बदलू द्या, अनुभव वाया जात नाही. आणि त्याला हेल्मेट, सेफ्टी शूज कंपनी देते का ते नक्की विचारा, रात्री उशिरा दमलेल्या माणसाचा पाय मचाणावर घसरतो, ही काळजी नऊ वाजण्यापेक्षा मोठी आहे.

दोन वर्षं अनुभव, पंचवटी: कुंभाच्या कामांसाठी ठेकेदार पोरं शोधतायत, पगार जास्त सांगतायत. आत्ताची बिल्डरकडची नोकरी सोडून जाऊ का?

शिकायला म्हणून जा, यापेक्षा चांगली संधी नाशिकला बारा वर्षांनीच येते. बिल्डिंगचं पझेशन तीन महिने पुढे गेलं तर माफी मागता येते, अमृतस्नान पुढे जात नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या तारखा ठरलेल्या आहेत, त्याआधी मध्ये अख्खा पावसाळा, त्र्यंबककडे तर पाऊस काय असतो ते तुला सांगायला नको, आणि गोदेला पाणी आलं की घाटाच्या बाजूचं काम थांबतं. म्हणजे कॅलेंडरमधले कामाचे खरे दिवस किती उरतात ते मोजून मागे मागे प्लॅन करावा लागतो, पाण्यातलं काम आधी, वरचं नंतर. हे पुस्तकात वाचून येत नाही. सरकारी कामाचा अनुभव मिळेल, एमबी (मेजरमेंट बुक) कशी लिहितात, डीएसआर (सरकारी दरसूची) म्हणजे काय, थर्ड पार्टी टेस्टिंग कसं होतं, पावसामुळे मुदतवाढ मागायची तर पावसाची रोजची नोंद कशी जोडायची. साइट डायरीत रोज लिहायची सवय तिथे लागेल. फिडिक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नमुन्याचे जे करार असतात त्यात तर क्लेमची नोटीस २८ दिवसांच्या आत द्यावी लागते, डायरी नसेल तर काय लिहिणार?

पण जायच्या आधी काही गोष्टी पक्क्या कर. अपॉइंटमेंट लेटर हातात घे, त्यावर पद आणि पगार दोन्ही लिहिलेलं हवं, 'साइटवर ये मग बघू' चालणार नाही. पीएफ कापणार का विचार. काम मूळ ठेकेदाराकडे आहे की त्याच्या खालच्या सबठेकेदाराकडे हे विचार, कारण सरकारी बिल उशिरा निघालं की त्याची झळ सगळ्यात खालच्याला आधी बसते. कुंभ झाल्यावर त्यांच्याकडे दुसरं काम आहे का, समृद्धीसारख्या रस्त्यांची किंवा पुलांची कामं करणारी कंपनी असेल तर पुढे नेतील, फक्त यासाठी उभी राहिलेली असेल तर २०२७ च्या दिवाळीला तू परत नोकरी शोधत असशील, त्याची तयारी ठेव. आणि एक दिवस संध्याकाळी त्यांच्या चालू साइटच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बस, तिथल्या जुन्या पोरांना विचार की मागच्या महिन्याचा पगार किती तारखेला झाला.

पुढच्या अंकासाठी इंटेरिअर आणि फॅसिलिटी मॅनेजमेंटवाल्यांनी लिहा, वय, शिक्षण आणि सध्या काय काम करता ते पत्रात नक्की टाका.